‘आपलं कुटुंब’ म्हणण्याआधी एकदा कॉलशीट बघा
मराठी दैनंदिन मालिकांचे निर्माते आणि वाहिन्यांचे फिक्शन विभाग यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

मालिकेचे शंभर भाग झाले की सेटवर केक येतो. पाचशे झाले की आणखी मोठा येतो. त्या दिवशीच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं, ‘हे युनिट नाही, हे आपलं कुटुंब आहे.’ टाळ्या पडतात, फोटो निघतात, आणि केक संपला की राहिलेले दोन सीन काढायला तेच कुटुंब रात्री एकपर्यंत थांबतं.

कुटुंब या शब्दाशी आमचं भांडण नाही. पण घरात पैसे कधी मिळणार हे विचारायचं नसतं, जास्त राबल्याचा हिशेब मागायचा नसतो आणि थोरल्यांचा आवाज चढला तर खाली मान घालून ऐकायचं असतं. सेटवर कुटुंबाची नेमकी एवढीच बाजू येते. आजारपणात सुट्टी, सणाला घरी जाणं, अडीअडचणीला हातात पैसे, ही दुसरी बाजू वाटेतच कुठेतरी राहते.

आम्ही शेड्यूल लावणारी, कॉलशीट (कोणी किती वाजता यायचं याचा रोजचा कागद) काढणारी, ब्रेकडाउन (कोणत्या सीनला काय लागेल याची यादी) करणारी माणसं. चॅनेलचा फोन आणि स्पॉटदादाची तक्रार दोन्ही आमच्याच टेबलावर येतात. सेटवरची माणुसकी दोन कागदांवर ठरते असं आमचं मत आहे. एक महिन्याचं शेड्यूल, दुसरा पेमेंटचा तक्ता. बाकी वाढदिवस, ट्रेकला नेणं, एकसारखे टी-शर्ट, हे सगळं छानच आहे, पण त्या दोन कागदांनंतर.

आधी शेड्यूल. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचा भाग लागतो. सोमवार ते शनिवार चालणारी मालिका महिन्याला २६ भाग खाते, म्हणजे ५७२ मिनिटं. तीस दिवसांतून चार साप्ताहिक सुट्ट्या आणि एखादा सण काढला की शूटिंगला २५ दिवस उरतात. बारा तासांच्या शिफ्टमधून जेवणाचा एक तास, चहा-नाश्त्याचा अर्धा तास आणि सकाळी लाइटिंग, मेकअप होऊन पहिला शॉट लागेपर्यंतचा दीड तास गेला की हातात नऊ तास येतात. जुळलेलं युनिट या नऊ तासांत २० मिनिटं काढतं, म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटामागे सेटवरची २७ मिनिटं. २५ दिवस गुणिले २० म्हणजे ५००. तूट ७२ मिनिटांची.

ही तूट कोणाच्या आळसामुळे आलेली नाही. ती पहिल्या तारखेलाच कागदावर दिसते. भरून काढायचे मार्ग दोनच. महिन्यातून चार दिवस दुसरं युनिट लावायचं, नाहीतर त्याच माणसांचे तास घ्यायचे. ७२ मिनिटांना २७ ने गुणलं तर ३२ तासांहून थोडं जास्त होतं. पंचवीस दिवसांत वाटलं की रोज सव्वा तास. त्यात चॅनेलने एक महाएपिसोड मागितला की आणखी २२ मिनिटं वाढतात आणि रोजचा जादा वेळ पावणेदोन तासांवर जातो. नऊचा पॅकअप पावणेअकराला. तोही कोणी आजारी पडलं नाही, जनरेटर बसला नाही आणि पत्र्याच्या छतावर पाऊस कोसळून साउंडवाल्याने हात वर केले नाहीत, तर.

दुसऱ्या युनिटचे चार दिवस बजेटमध्ये धरले नसतील तर ते पैसे वाचत नाहीत, युनिटच्या झोपेतून वसूल होतात.

तुटीचा दुसरा मोठा उगम म्हणजे लग्न. मालिकेत लग्न लागलं की प्रेक्षक खूश, चॅनेल खूश, आणि शेड्यूल लावणाऱ्याच्या पोटात गोळा. चौघांच्या स्वयंपाकघरातल्या सीनला दिवसाला २० मिनिटं निघतात. चौदा माणसांच्या मांडवात तेच युनिट १२-१३ मिनिटांवर येतं. प्रत्येकाची प्रतिक्रिया वेगळी घ्यायची. शालू, मुंडावळ्या, दागिने, हळदीची कंटिन्युइटी सांभाळायची. फ्रेम मोठी म्हणून लाइट जास्त आणि लावायला वेळही जास्त. पाच भागांचं लग्न म्हणजे ११० मिनिटं. रोजच्या वेगाने साडेपाच दिवस, मांडवाच्या वेगाने साडेआठ. हे वरचे तीन दिवस लग्नाआधी महिनाभर दोन-दोन, तीन-तीन मिनिटांनी बाजूला काढता येतात. पण त्यासाठी लग्न आहे हे लेखकाच्या टीमने महिनाभर आधी सांगायला हवं. बहुतेक वेळा ते प्रोमो शूटच्या आदल्या दिवशी कळतं.

इथे बँकेचा, म्हणजे तयार भागांच्या साठ्याचा, विषय येतो. हातात तयार सहा भाग असतील तर माणूस आजारी पडू शकतो. तीन असतील तर आजारी पडणाऱ्याकडे रागाने बघितलं जातं. एकावर आलं की दिवसा शूट, रात्री एडिट, पहाटे साउंड आणि संध्याकाळी टेलिकास्ट. मग एडिटर घरी जातच नाही, एडिट सूटमधल्या सोफ्यावरच आडवा होतो. सेटवरच्या केकचा तुकडा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि ‘युनिट’ म्हटल्यावर त्याचं नावही कोणाला आठवत नाही. पोस्टची, म्हणजे शूटनंतरच्या कामाची, माणसं शेड्यूलमध्ये धरा. एका भागाला एडिट, संगीत, मिक्स, रंग, तपासणी आणि चॅनेलच्या दुरुस्त्या मिळून पूर्ण दोन दिवस द्या. बँक तीनच्या खाली गेली तर त्या आठवड्यात नवा महाएपिसोड घेणार नाही असं चॅनेलबरोबरच्या मेलमध्ये लिहून ठेवा. तोंडी ठरलेलं गुरुवारी टिकत नाही.

गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा घसरला की संध्याकाळपर्यंत ट्रॅक बदलतो, मान्य झालेले सीन रद्द होतात आणि शुक्रवारी सकाळी सेटवर दहा माणसं मेकअप करून नव्या पानांची वाट बघत बसतात. त्यांचे तीन तास बसून जातात आणि ते तीन तास रात्री परत द्यावे लागतात. आकड्यांना घाबरू नका असं आम्ही म्हणणार नाही, धंदा आहे. पण बदल कुठून लागू होणार त्याची रेघ आखता येते. गुरुवारचा आकडा पुढच्या बुधवारनंतरच्या शूटला लागू. त्याआधीचं सगळं बंद. मालिका एका आठवड्याने वाकते, मोडत नाही.

संहितेची साखळी तुम्हाला आमच्याइतकीच ठाऊक आहे. कथा, वनलाइन (सीनची एकेका ओळीतली यादी), चॅनेलची मान्यता, पटकथा, पुन्हा मान्यता, मग संवाद. एवढं झाल्यावर आमचं ब्रेकडाउन, मग कॉस्च्युम आणि आर्टवाल्यांची धावपळ. संवाद सेटवर सकाळी मोबाइलवर पडतात तेव्हा ही साखळी शेवटच्या माणसाच्या गळ्यात येते. आर्टवाला अर्ध्या तासात पाळणा शोधतो, कॉस्च्युमवाली ताई स्वतःच्या बॅगेतली ओढणी देते, आणि ज्येष्ठ कलाकार चष्मा लावून स्वगताची दोन पानं पाठ करत बसतात. मग रीटेक होतात आणि उशीर कलाकारामुळे झाला असं रिपोर्टमध्ये जातं. आमची मागणी साधी आहे. संवाद शूटच्या ७२ तास आधी बंद. चॅनेलचा अभिप्राय २४ तासांत, एकाच माणसाकडून, एकाच मेलवर. २४ तास उलटले की मान्य समजायचं. चार जणांनी चार ग्रुपवर टाकलेल्या सूचना अभिप्राय म्हणून धरायच्या नाहीत. आणि संवादलेखकालाही आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते हे लक्षात ठेवायचं. त्याला सहा भागांची पटकथा शनिवारी रात्री दिली की त्याचा रविवार कुठे गेला ते कोणी विचारत नाही.

आता कॉलशीट. शिफ्ट नऊ ते नऊ असं आपण म्हणतो ते कॅमेऱ्याच्या घड्याळाने. सेटचं कुलूप सातला उघडतं. स्पॉट, लाइट आणि सेटिंगची माणसं तेव्हा आलेली असतात. मेकअप आणि हेअरवाल्या ताई कलाकाराच्या आधी तासभर पोहोचतात. पॅकअपनंतर केबल गुंडाळून, दागिने मोजून, कपडे धुलाईला लावून निघेपर्यंत आणखी तास जातो. म्हणजे कागदावरची बारा तासांची शिफ्ट सर्वांत कमी पैसे मिळणाऱ्यांसाठी चौदा-पंधराची असते. प्रत्येक विभागाचा येण्याचा आणि सुटण्याचा वेळ कॉलशीटवर वेगळ्या रकान्यात लिहा. लाइट आणि स्पॉटची दोन पथकं करा, एक सात ते सात, दुसरं साडेअकरा ते साडेअकरा. मधल्या वेळेत दोन्ही असतात, तेव्हाच मोठे सीन लावा. माणसं दोन-चार वाढतील, पण रात्री दहानंतर शिडीवर पेंगणारा लाइटमन दिसणार नाही. तराफ्यावरून, म्हणजे लाइट लावायच्या उंच फळ्यांवरून, एक लाइट खाली पडला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पॅकअप आणि दुसऱ्या दिवसाचा कॉल यांत बारा तासांचं अंतर ठेवा, आणि ते प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र मोजा. रात्री अकराला सुटलेल्याला सकाळी अकराच्या आधी बोलवायचं नाही. हा नियम एकदा पाळला की जादा तासांची खरी किंमत शेड्यूलवर उमटते, कारण आज ओढलेले दोन तास उद्याच्या सकाळीच कापले जातात. आज ती किंमत माणसांच्या पाठीत उमटते, म्हणून ऑफिसमध्ये दिसत नाही.

उशिरा सुटणाऱ्यांच्या गाडीचंही लिहून ठरवा. चित्रनगरीचं गेट, घोडबंदरचा आतला रस्ता, नायगावचे बंगले, मढचा किनारा, रात्री अकरानंतर कुठूनही रिक्षा सहज मिळत नाही. चित्रनगरीला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. २०२३च्या जुलैत एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या शिरल्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिली आहेत. दहानंतर पॅकअप झाला तर स्टेशनपर्यंत गाडी, शेवटची लोकल चुकली तर घरापर्यंत, आणि स्त्रियांना वेळ कोणतीही असो, घराच्या दारापर्यंत. कलाकारांच्या गाडीत जागा असेल तर बसा, असली सोय नको. तो उपकार होतो, आणि उपकार केला की तो कधीतरी बोलून दाखवला जातो.

सुट्टीतल्या माणुसकीची खरी परीक्षा गणपतीत होते. आपल्या युनिटमध्ये कोकणातली माणसं किती असतात ते हजेरीपटावरची आडनावं वाचली तरी कळतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. रजा मंजूर आहे हे चतुर्थीच्या आठ दिवस आधी कळलं तर त्या रजेचा उपयोग काय? रजेची यादी चतुर्थीच्या ७० दिवस आधी लावा. युनिटचे दोन गट करा, एकाला गणपतीचे पाच दिवस, दुसऱ्याला दिवाळीचे. पाच दिवसांत पाच भाग प्रसारित होतील, म्हणजे ११० मिनिटं लागतील. निम्म्या युनिटवर रोज दहा मिनिटं निघाली तर पन्नास हाती येतात. उरलेली साठ मिनिटं आधीच्या ६० दिवसांतल्या शूटिंगच्या साधारण ५० दिवसांत रोज सव्वा मिनिट जास्त काढून साठवायची. एका मिनिटामागे २७ मिनिटं धरली तर हे रोजचं अर्ध्या तासाहून थोडं जास्त काम आहे. तेही शिफ्टच्या बाहेर जाऊ नये म्हणून दोन महिन्यांत मिळून तीन दिवस दुसरं युनिट लावा. लेखकांना त्या आठवड्यासाठी तीन-चार पात्रांचे, एकाच घरातले भाग लिहायला सांगा. एवढं केलं की दरवर्षीचा रुसवा टळतो आणि आजीच्या मरणाची खोटी कारणंही बंद होतात.

आता दुसरा कागद, पेमेंटचा तक्ता.

नव्वद दिवसांची उधारी ही या व्यवसायाची रीत झाली आहे. नवीन सहायक दिग्दर्शक १ जूनला कामाला लागला तर जूनच्या कामाचं बिल ३० जूनला निघतं आणि नव्वद दिवस मोजले की पैसे २८ सप्टेंबरला येतात. तोवर चार महिन्यांचं घरभाडं, लोकलचा पास, मेस आणि फोन हे सगळं तो कुठून आणणार? ज्याच्या घरचे पाठवू शकतात तोच टिकतो. गावाकडून हुशार मुलं का येत नाहीत अशी तक्रार नंतर आपणच करतो. तुमची बाजू आम्हाला कळते, चॅनेलचे पैसेही उशिरा येतात. पण सगळ्यांना नव्वद दिवस लावायची गरज नाही. उदाहरणार्थ, युनिटमधल्या कमी मानधनाच्या माणसांचं एकत्रित बिल महिन्याला १२ लाख रुपये आहे असं धरू. त्यांना नव्वदऐवजी तिसाव्या दिवशी द्यायचं तर दोन महिन्यांचे म्हणजे २४ लाख रुपये जादा खेळते ठेवावे लागतील. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर वर्षाचे २ लाख ८८ हजार, महिन्याचे २४ हजार. महिन्याला २६ भाग, म्हणजे एका भागामागे साधारण ९२५ रुपये. आता तुमच्या मालिकेचे खरे आकडे घालून हेच गणित करा आणि ते एका भागाच्या फुलांच्या बिलाशी ताडून बघा.

कायदाही हळूहळू याच दिशेने आला आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ती मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या टप्प्यावर चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकरातल्या तरतुदीमुळे असं मुदतीत न दिलेलं बिल त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच दाखवता येतं. संवादलेखक, एडिटर, संगीतकार, कॉस्च्युम पुरवणारे यांतल्या ज्यांनी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली आहे त्यांच्या करारात नव्वद दिवस लिहिणं म्हणजे टिकणार नाही असं कलम लिहिणं. तुमच्या सीएला विचारा, तो आमच्यापेक्षा स्पष्ट सांगेल.

लेखी कराराचंही तसंच. १९८१चा सिने-कामगार कायदा चित्रपटांपुरता होता, मालिकेची माणसं त्याच्या बाहेर राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये दृक्‌श्राव्य कामगारांची वेगळी व्याख्या आहे, त्यात मालिका येतात, आणि लेखी कराराशिवाय काम देऊ नये अशी तरतूद आहे. करार मराठीत द्या, दोन पानांत बसेल असा. त्यात पैसे किती, कोणत्या तारखेला, शिफ्ट किती तासांची, जादा तासांचा दर, सुट्ट्या, विमा आणि मालिका बंद झाली तर किती दिवसांची सूचना, एवढं असलं की पुरे. करार सहीच्या आदल्या दिवशी वाचायला घरी द्या. मेकअप रूममध्ये सीनच्या मध्ये सही घेणं थांबवा.

पैशांबाबत आणखी एक लहान गोष्ट. प्रत्येक बिलाची स्थिती बघता येईल असा साधा तक्ता ठेवा. बिल आलं, तपासलं, मंजूर, कोणत्या तारखेला जमा. अकाउंट्सला दहा फोन करावे लागणं हा सेटवरचा सर्वांत मोठा अपमान आहे असं आम्हाला वाटतं, शिव्या खाण्याहूनही मोठा. शिवी देणारा निदान समोर तरी असतो.

शिव्यांवरून आठवलं. दिग्दर्शक मॉनिटरजवळ बसून माइकवर बोलतो आणि स्पीकर सगळ्या फ्लोअरवर असतो. सूचना माइकवर द्याव्यात. खरडपट्टी बाजूला घेऊन, समोरासमोर आणि कॅमेरा बंद असताना काढावी. हा एक नियम दिग्दर्शकाच्या करारात घातलेला बरा, कारण सेटवर तो कोणी आठवण करून देणार नाही. आणि कॉलशीटवर ‘स्पॉट ४, लाइट ६’ असं लिहिण्याऐवजी नावं लिहा. सगळ्यांना दादा म्हणायची आपली पद्धत गोड आहे, पण तिच्या आडून वर्षभर एखाद्याचं नाव न विचारताही चालतं.

पाणी, जेवण आणि स्वच्छतागृह यांवर थोडक्यात. ऐंशी माणसांचं युनिट उन्हाळ्यात माणशी चार लिटर पाणी पितं, म्हणजे ३२० लिटर, वीस लिटरचे सोळा जार. बहुतेक सेटवर आठ-दहा मागवले जातात आणि चारनंतर कलाकारांच्या बाटल्यांवर डोळा ठेवला जातो. टेक चालू असताना आवाजामुळे पंखे बंद असतात, लाइट तापलेले असतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये दर पाऊण तासाला पाच मिनिटं सगळे पंखे चालू आणि सगळे दरवाजे उघडे. त्या पाच मिनिटांत शॉट निघत नाहीत, पण चक्करही येत नाही. जेवण सगळ्यांना एकच. पथ्याचं ताट वेगळं असू शकतं, मानाचं नको. स्त्रियांसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारं, पाणी आणि झाकणाची बादली असलेलं स्वच्छतागृह सेटपासून दोन मिनिटांच्या अंतरात हवं. वाई-साताऱ्याकडच्या आउटडोअरला शेतात सीन लावताना रेकी करणाऱ्याने फ्रेमआधी ही जागा बघावी. व्हॅनिटी व्हॅन नायिकेची आहे म्हणून हेअरवाली ताई दिवसभर पाणीच पीत नाही, असे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात.

पावसाळ्यात केबल जमिनीपासून वर, जोड झाकलेले, जनरेटरला अर्थिंग आणि मुख्य बोर्डवर गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर. प्लायवूड, थर्माकोल आणि पडद्यांचा सेट म्हणजे रचून ठेवलेलं सरपणच. हवन किंवा आरतीचा सीन असेल त्या दिवशी अग्निशामक नळकांडं कॅमेऱ्याशेजारी उभं राहणाऱ्या माणसाच्या हातात हवं. आर्ट विभागाच्या खोलीत कुलूप लावून ठेवलेलं उपयोगाचं नाही.

लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती तुमच्या अंधेरीच्या ऑफिसात असेल. सेट साताऱ्यात आहे. २०१३च्या कायद्यात रोजंदारीवर आलेली, कंत्राटावरची, शिकाऊ अशी सगळीच माणसं येतात आणि कामानिमित्त जाण्याची ठिकाणं, कंपनीने दिलेली गाडी हेही कामाचं ठिकाणच धरलं जातं. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे समिती बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत, चौकशीला ९० दिवस. सदस्यांची नावं आणि फोन मेकअप रूमच्या दारावर आतल्या बाजूने मराठीत लावा, म्हणजे वाचणाऱ्याला कोणी बघत नाही. निर्मात्याची बहीण किंवा कार्यकारी निर्मात्याची बायको समितीत घेऊ नका. त्या कितीही भल्या असल्या तरी तक्रार त्यांच्यापर्यंत जाणार नाही. आणि तक्रार आली की तक्रारदार बाईचेच दिवस कमी करायची जी सवय आहे, तिच्याबद्दल समितीने लेखी जाब विचारावा. पुढच्या तीन महिन्यांचे तिचे कॉल आधीच्या तीन महिन्यांशी ताडून बघितले की सगळं कळतं.

मालिकेत लहान मूल असेल तर नियम आणखी कडक आहेत आणि योग्यच आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस आणि कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. पाच तासांत मेकअप आणि वाट बघणंही धरा. म्हणून मुलाचे सीन त्या दिवशी सर्वांत आधी लावा. ‘थोडा वेळ झोपू दे, मग घेऊ’ हे रात्री साडेनऊला ऐकू येतं तेव्हा चूक आमची असते, शेड्यूल लावणाऱ्यांची. ती आम्ही कबूल करतो.

मालिका बंद होते तेव्हाचं एक. स्लॉटवर नवी मालिका येणार हे युनिटला चॅनेलच्या नव्या प्रोमोतून कळतं. तो प्रोमो शूट होऊन, एडिट होऊन, मान्य होऊन लागतो, म्हणजे निदान तीन आठवडे आधी कुणालातरी ठाऊक असतं. तीस दिवसांची लेखी सूचना द्या. सगळ्यांची थकबाकी शेवटच्या दिवसाच्या तारखेसह तक्त्यात दाखवा. ज्यांच्या घराचा हप्ता त्या मालिकेवर चालला आहे त्यांना दुसऱ्या सेटवर शब्द टाकायला तेवढा वेळ पुरतो. बातमी फुटेल, कलाकार सोडून जातील ही भीती अनाठायी नाही, पण थकबाकी वेळेवर मिळणार याची खात्री असलेली माणसं शेवटचा भाग टाकून जात नाहीत.

पुढच्या महिन्याचं शेड्यूल लवकरच चॅनेलकडे जाईल. या वेळी त्याच्या शेवटच्या ओळीत एक रकाना वाढवा. लागणारी मिनिटं, शूटिंगच्या दिवसांत निघणारी मिनिटं आणि दोन्हींतली तूट. त्याच्या पुढे दुसऱ्या युनिटच्या तारखा लिहा आणि त्याचा खर्च कोण करणार, निर्माता की चॅनेल, तेही लिहा. तो रकाना कोरा ठेवून शेड्यूल आमच्याकडे आलं, तर आम्ही ते परत पाठवू. दोन आठवड्यांत प्रत्येक विभागाचे येण्या-सुटण्याचे रकाने असलेली कोरी कॉलशीट तुमच्या प्रॉडक्शन ऑफिसमध्ये पोहोचेल. ती वापरून बघा आणि अडचण आली तर सेटवर या. आम्ही सातलाच आलेले असतो.

आपले,
मराठी मालिकांचे काही शेड्यूलर, सहायक दिग्दर्शक आणि कार्यकारी निर्माते